आधीच्या ग्रंथांची साक्ष : ‘तहरीफ’च्या वादाकडे खानदेशातून पाहताना

‘इस्लामच्या मते यहुदी आणि ख्रिस्ती लोकांचे धर्मग्रंथ भ्रष्ट झालेले आहेत’ हे विधान आपल्याकडे इतक्या सहजतेने केले जाते, की त्यातील ‘भ्रष्ट’ या शब्दाचा नेमका अर्थ काय, असे विचारण्याची गरज कोणाला वाटत नाही. मुसलमान प्रचारक ते अभिमानाने करतात, ख्रिस्ती प्रचारक त्याचा त्वेषाने प्रतिवाद करतात, आणि उरलेले आपण दोघांकडे तटस्थपणे पाहत असल्याचा आव आणतो. परंतु ग्रंथ भ्रष्ट होतो म्हणजे काय होते? अक्षरे बदलतात, की अर्थ बदलतो? मूळ ग्रंथ हरवतो आणि त्याच्या जागी दुसराच उभा राहतो, की ग्रंथ तोच राहून वाचणारे त्याच्यापासून दूर जातात? हे प्रश्न धर्मशास्त्राचे असतील, पण ते त्याआधी पाठचिकित्सेचे आहेत. ज्ञानेश्वरीचे पाठभेद, लीळाचरित्राचे निरनिराळे पाठ आणि गाथ्यांतील प्रक्षेप यांची चर्चा वर्गात करणाऱ्या आमच्यासारख्या मराठीच्या अध्यापकांना ते परके वाटण्याचे कारण नाही.

या वादाचा एक धागा आमच्या खानदेशातूनच गेलेला आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे. तो धागा हाती घेऊन हा विषय मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. कुराणाची भूमिका

प्रथम मूळ आधाराकडे वळू. कुराणात आधीच्या ग्रंथांची नावे आदराने येतात : मूसाला (मोशेला) दिलेली तौरात, दाऊदला दिलेला जबूर, ईसाला (येशूला) दिलेली इंजील. ज्यांच्याकडे हे ग्रंथ आहेत ते ‘अहल-ए-किताब’, म्हणजे ग्रंथधारक. पाचव्या सूरेत (५:४४–४८) तौरात आणि इंजील या दोहोंमध्ये मार्गदर्शन आणि प्रकाश आहे असे सांगितले आहे, आणि ज्याच्या त्याच्या ग्रंथानुसार निवाडा करावा अशी अपेक्षाही व्यक्त केली आहे. त्याच ठिकाणी कुराणासाठी ‘मुहैमिन’ असा एक शब्द येतो. रक्षण करणारा, देखरेख करणारा, साक्षी राहून पारख करणारा असे त्याचे अर्थ भाष्यकारांनी दिले आहेत. दहाव्या सूरेत (१०:९४) तर शंका वाटल्यास पूर्वीचा ग्रंथ वाचणाऱ्यांना विचारण्यास सांगितले आहे. ज्या ग्रंथाची साक्ष काढावयाची तो निरुपयोगी आहे, असे मानून कोणी असे म्हणणार नाही.

पण याच कुराणात दुसऱ्या स्वराची वचनेही आहेत. ईश्वराचे वचन ऐकून, समजूनही ते फिरवणारा एक गट होता (२:७५). स्वतःच्या हातांनी लिहून ते ईश्वराकडून आले असे सांगणाऱ्यांचा धिक्कार असो (२:७९). वाचताना जीभ अशी वळवतात की ऐकणाऱ्याला ते ग्रंथातलेच वाटावे (३:७८). शब्द त्यांच्या जागेवरून हलवतात (४:४६, ५:१३). या शेवटच्या वचनांतील क्रियापदापासूनच ‘तहरीफ’ ही संज्ञा आली. तिच्या मुळाशी ‘हर्फ’ म्हणजे कड, बाजू, आणि अक्षरही. एखादी गोष्ट कडेला वळवणे, तिरपी करणे, हा त्या शब्दाचा भाव आहे.

या वचनांचा रोख कशावर आहे ते बारकाईने पाहिले पाहिजे. एका ठिकाणी दोष ऐकणाऱ्यांचा आहे, दुसऱ्या ठिकाणी लिहिणाऱ्यांचा, तिसऱ्या ठिकाणी वाचणाऱ्यांचा. सर्व यहुद्यांनी वा सर्व ख्रिस्ती लोकांनी सर्व प्रतींत सर्वत्र फेरबदल केला, असे यांपैकी कोणतेही वचन म्हणत नाही. ‘त्यांच्यातील एक गट’ अशा प्रकारची मर्यादा वारंवार येते. पुढील हजार-बाराशे वर्षांचा वाद या मोकळ्या राहिलेल्या जागेतूनच वाढला.

२. अर्थाची तहरीफ आणि शब्दांची तहरीफ

मुस्लिम पंडितांनी या जागेत दोन संज्ञा घडवल्या. ‘तहरीफ अल्-माना’ म्हणजे अर्थाचा विपर्यास : ग्रंथ जसाच्या तसा आहे, त्याचे विवरण चुकीचे केले जाते. ‘तहरीफ अल्-लफ्ज’ किंवा ‘तहरीफ अल्-नस्स’ म्हणजे शब्दांचा, संहितेचा फेरबदल. कोणती खरी, यावर मुस्लिम परंपरेत कधीही एकमत नव्हते, आणि हीच गोष्ट लोकप्रिय वादविवादांत नेहमी झाकली जाते.

सुरुवातीच्या पिढ्यांपैकी वह्ब इब्न मुनब्बिह याचे मत इब्न कसीरने आपल्या भाष्यात नोंदवले आहे. तौरात आणि इंजील यांतील एकही अक्षर बदललेले नाही, लोक भरकटतात ते अर्थ लावताना आणि स्वतः लिहिलेली पुस्तके त्यांना जोडताना, असा त्याचा आशय आहे. इब्न कसीर हे मत नोंदवतो आणि त्याला आक्षेपही घेतो. बुखारीच्या हदीससंग्रहात तर इब्न अब्बास यांच्या नावावर दोन्ही बाजूंची मते सापडतात. एका ठिकाणी ईश्वराच्या ग्रंथातील शब्द कोणी काढून टाकू शकत नाही, फेरफार होतो तो अर्थाचा, असे आहे. तर दुसऱ्या ठिकाणी ग्रंथधारकांनी आपल्या ग्रंथात फेरबदल केला आहे, मग त्यांना कशाला विचारता, असा सवाल आहे. एकाच अधिकारी पुरुषाची दोन मते एकाच ग्रंथात असावीत, यावरून प्रश्न किती अनिर्णित होता हे दिसते.

पुढे दोन्ही बाजूंना मोठी माणसे उभी राहिली. कोर्दोव्याचा इब्न हज्म (९९४–१०६४) हा शब्दांच्या तहरीफचा सर्वांत कडवा पुरस्कर्ता. त्याने तौरातेतील वंशावळी आणि वर्षांचे आकडे पडताळून पाहिले, शुभवर्तमानांतील परस्परविरोध मांडले, आणि एक ऐतिहासिक युक्तिवादही केला : प्राचीन इस्राएलात हा ग्रंथ मूठभर पुरोहितांच्या ताब्यात होता, राजे मूर्तिपूजेकडे वळले, मंदिर उद्ध्वस्त झाले, लोक परागंदा झाले, आणि नंतर एज्राने तो पुन्हा लिहून काढला. अशा ग्रंथाची परंपरा अखंड आहे असे कसे मानावे? बाराव्या शतकात यहुदी धर्म सोडून मुसलमान झालेल्या समवाल अल्-मगरिबीनेही एज्रावर असाच ठपका ठेवला.

उलट बाजूला फखरुद्दीन राझी (मृत्यू १२०९) यांच्यासारखा तार्किक आहे. जो ग्रंथ पूर्वेकडून पश्चिमेपर्यंत असंख्य लोकांच्या हाती पोहोचला, त्याच्या सर्व प्रतींत एकाच वेळी एकच फेरबदल कसा होईल, ही अडचण राझी गंभीरपणे घेतात, आणि म्हणून अर्थाच्या विपर्यासाकडे त्यांचा कल दिसतो. इब्न तैमिया (१२६३–१३२८) मधली वाट धरतात : काही शब्द बदलले असतील, पण पुष्कळसा मजकूर टिकून आहे आणि मोठा दोष अर्थाचा आहे. पंधराव्या शतकात कैरोच्या अल्-बिकाई या भाष्यकाराने तर कुराणाचे विवरण करताना बायबलमधील उतारे सरळ उद्धृत केले. समकालीनांनी गहजब केल्यावर आपल्या या कृतीचे समर्थन करणारा स्वतंत्र ग्रंथही त्याने लिहिला.

सामान्य श्रद्धावानासाठी हदीसमध्ये एक साधा नियम आहे : ग्रंथधारक आपल्या ग्रंथातून जे सांगतील त्याला खरे म्हणू नये आणि खोटेही म्हणू नये, ईश्वराने जे जे अवतीर्ण केले त्यावर आपला विश्वास आहे, एवढे म्हणावे. अबू दाऊदच्या संग्रहातील एका कथेत प्रेषितांपुढे तौरात आणली जाते तेव्हा ते आपल्याखालची उशी काढून तिच्यावर तो ग्रंथ ठेवतात. ग्रंथाचा मान राखायचा आणि निवाडा मात्र घाईने करायचा नाही, अशी ही वृत्ती आहे.

३. लीळाचरित्राच्या उजेडात

या वादाची खरी गाठ इंजीलच्या कल्पनेत आहे, आणि ती समजून घेण्यासाठी मराठीच्या विद्यार्थ्याला दूर जावे लागत नाही.

कुराणाच्या दृष्टीने इंजील एक आहे आणि ती ईसाला दिलेली आहे. ख्रिस्ती लोकांच्या हाती मात्र चार शुभवर्तमाने आहेत आणि ती येशूविषयी इतरांनी लिहिलेली आहेत. आता महानुभाव वाङ्मय आठवावे. म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या आणि इतरांच्या आठवणी शोधून चक्रधरांच्या लीळा संकलित केल्या, ते लीळाचरित्र. त्यातील चक्रधरांच्या मुखातील वचने केसोबासांनी वेगळी काढली, तो सूत्रपाठ. शुभवर्तमान हे लीळाचरित्राच्या जातीचे लेखन आहे; मुस्लिम कल्पनेतील इंजील ही सूत्रपाठाच्या जातीची आहे. म्हणजे दोन पक्ष एकाच ग्रंथाच्या दोन पाठांविषयी भांडत नसून दोन वेगळ्या वाङ्मयप्रकारांविषयी बोलत असतात. मुसलमान विचारतो, ‘मूळ सूत्रपाठ कुठे आहे?’ ख्रिस्ती उत्तर देतो, ‘तसा वेगळा ग्रंथ कधी नव्हताच, साक्षीदारांनी सांगितलेले चरित्र हीच आमची साक्ष.’

महानुभाव परंपरेत सूत्रे लीळांमधून निवडली गेली, म्हणजे चरित्र आधी आणि सूत्रपाठ मागाहून. मुस्लिम कल्पनेत हा क्रम उलटा आहे. एवढा एक फरक ध्यानात घेतला, तरी वादातील निम्मा गोंधळ निवळतो.

दुसरे साम्य अधिक बोलके आहे. खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी गेली आणि पुढे स्मरणाच्या आधारे निरनिराळे पाठ सिद्ध झाले, असे परंपरा सांगते. इब्न हज्मने एज्राविषयी जो प्रश्न विचारला तोच येथे विचारता येतो : स्मरणातून पुन्हा उभा केलेला ग्रंथ तोच ग्रंथ असतो का? महानुभावांनी याचे उत्तर पाठांची नोंद ठेवून आणि पुढे सांकेतिक लिपीच्या कुंपणात पोथ्या जपून दिले. पाठभेद लपवले नाहीत. पाठभेद असणे आणि ग्रंथ खोटा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी कृतीने मान्य केले, असे म्हणता येईल.

४. बऱ्हाणपूर, आसीरगड आणि अकबराची छावणी

आता खानदेशाकडे वळू. फारुकी घराण्याची पहिली राजधानी थाळनेर, म्हणजे आजच्या धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात. नंतरची बऱ्हाणपूर, रावेरच्या पलीकडे, आज मध्य प्रदेशात. राज्यांच्या सीमा अलीकडच्या आहेत. सोळाव्या शतकात तापीचे हे खोरे एकच प्रदेश होते, आणि विद्येचेही केंद्र होते. ‘कन्झुल उम्माल’ हा ४६ हजारांहून अधिक हदीसांचा अवाढव्य संग्रह सिद्ध करणारे अली मुत्तकी (मृत्यू १५६७, मक्का) हे मूळचे बऱ्हाणपूरचे. वचन कोणी कोणाकडून ऐकले ही साखळी, म्हणजे ‘इस्नाद’, हा हदीसशास्त्राचा कणा. आधीच्या ग्रंथांवर मुस्लिम पंडितांचा खरा आक्षेप होता तो हाच की त्यांना अशी साखळी नाही. कसोटी आमच्या मातीतल्या माणसाच्या हयातभराच्या व्यासंगाची होती.

याच बऱ्हाणपुरात १५९० च्या सुमारास आदिलशाह फारुकीने, म्हणजे राजा अली खानाने, जामा मशीद पूर्ण केली. तिच्यात अरबी लेखाबरोबर एक संस्कृत शिलालेख आहे. त्यात सृष्टिकर्त्याला वंदन आहे, फारुकींची वंशावळ आहे आणि तिथी-नक्षत्रासह विक्रम आणि शक या दोन्ही गणनांत काळ दिलेला आहे. मशिदीच्या भिंतीवर ईश्वराचे स्तवन दुसऱ्या परंपरेच्या भाषेत कोरताना अर्थ ‘जागेवरून हलतो’ अशी भीती त्या राजाला वाटली नसावी.

या प्रदेशात अकबर १६०० साली उतरला. बऱ्हाणपूर सहज हाती आले. आसीरगडाचा वेढा मात्र जानेवारी १६०१ पर्यंत चालला. त्याच्या छावणीत जेरोम झेवियर हा येशूसंघी पाद्री होता. त्याचा सहकारी बेनेडिक्ट गोएस हाही सोबत होता. तहरीफच्या वादाचा भारतातील पहिला मोठा अध्याय या झेवियरच्या नावावर आहे.

त्याची पूर्वपीठिका अशी. अकबराने गोव्याहून पाद्र्यांना बोलावल्यावर १५८० मध्ये रुडॉल्फ अक्वाविवा, आंतोनियो मॉन्सेरात आणि फ्रान्सिस्को हेन्रिक्स फतेहपूर सीक्रीला पोहोचले. त्यांनी बादशहाला अँटवर्प येथे १५६९ ते १५७२ या काळात छापलेले बहुभाषी बायबल भेट दिले. त्यात हिब्रू, ग्रीक, लॅटिन इत्यादी पाठ शेजारी शेजारी होते. ग्रंथाचा पाठ अनेक भाषांत पडताळून पाहता येतो, हेच जणू त्या छपाईचे म्हणणे होते. अकबराने ते आदराने मस्तकी लावले. मॉन्सेरातच्या वृत्तांताप्रमाणे उलेमांशी झालेला पहिलाच वाद धर्मग्रंथांच्या प्रामाण्याविषयी होता. शाहजादा मुरादला या पाद्र्यांकडून थोडे शिक्षण घेण्याची आणि अबुल फजलला इंजीलचे भाषांतर करण्याची आज्ञा झाली, असे बदायुनी नाखुशीने नोंदवतो. अक्वाविवा पुढे १५८३ मध्ये गोव्यात कुंकळ्ळी येथे मारला गेला. त्याचे आणि त्याच्या सोबत्यांचे देह परत मिळवण्यात पुढाकार घेणारा पाद्री थॉमस स्टीफन्स याने बायबलची कथा मराठी ओवीत आणली. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. मराठी ख्रिस्ती वाङ्मय आणि मोगल दरबारातील वाद यांचा उगम असा एकाच गोव्यात आहे.

झेवियरने १६०२ मध्ये ‘मिरातुल कुद्स’ हे येशूचरित्र फार्सीत पूर्ण केले. अब्दुस सत्तार बिन कासिम लाहोरी हा विद्वान त्याच्या मदतीस होता. १६०९ मध्ये त्याने ‘आईना-ए-हकनुमा’ हा वादग्रंथ जहांगिराला अर्पण केला. त्यात शुभवर्तमाने बदललेली नाहीत या मुद्द्याला मोठे स्थान आहे. ख्रिस्ती पक्षाचा जुना युक्तिवाद असा : महंमदांच्या आधी बदल झाला म्हणावे, तर कुराण त्या ग्रंथांची साक्ष का काढते? नंतर झाला म्हणावे, तर तोवर ते अनेक देशांत, अनेक भाषांत पसरले होते. आणि परस्परांचे वैरी असलेले यहुदी व ख्रिस्ती फेरबदल करण्यासाठी एकत्र कसे येतील? राझींना जाणवलेली अडचण हीच होती. या ग्रंथाच्या संक्षेपाला इराणातील अहमद अलवी याने १६२२ मध्ये ‘मिस्कल-ए-सफा’ लिहून उत्तर दिले. नाव सूचक आहे, आरसा घासून लख्ख करण्याचे साधन. त्याला रोममधून फिलिप्पो ग्वादान्योलीने १६३१ मध्ये लॅटिनमध्ये प्रत्युत्तर दिले. आग्रा, इस्फहान, रोम असा हा वाद फिरला. लाहोरी मात्र पाद्र्यांचा मदतनीस होता तो पुढे त्यांचा प्रतिवादी झाला; जहांगिराच्या रात्रीच्या मजलिशींची जी नोंद त्याने ठेवली तीत पाद्र्यांशी झालेल्या या चर्चाही आहेत.

येथे एक योगायोग विचारात घेण्याजोगा आहे. आसीरगड पडला कसा, याविषयीही दोन पाठ आहेत. अबुल फजल आणि इतर फार्सी इतिहासकार गडावरील रोगराई आणि बहादुरशाह फारुकीची शरणागती सांगतात. दु जारिकच्या फ्रेंच ग्रंथातून आलेला येशूसंघी वृत्तांत मात्र सांगतो की बहादुरशाहला शपथेवर बोलावून अडकवले आणि किल्लेदारांना सोने-रुपे देऊन फोडले. व्हिन्सेंट स्मिथने १९१७ मध्ये येशूसंघी पाठ खरा मानला, सी. एच. पेन याने १९२६ मध्ये त्यावर शंका घेतली. शुभवर्तमानांच्या विश्वासार्हतेसाठी आयुष्य वेचणाऱ्या झेवियरच्या स्वतःच्या नावावर सांगितलेला वृत्तांत विश्वासार्ह आहे का, असा प्रश्न इतिहासाने त्यालाही विचारला. साक्षीदार जवळचा आहे का, त्याचे हितसंबंध कोणते, मधल्या हातांनी काय घातले आणि काय गाळले, या कसोट्या किल्ल्याच्या वृत्तांताला लावतात तशाच त्या धर्मग्रंथालाही लागतात.

५. छापखान्याच्या काळात

एकोणिसाव्या शतकात या वादाचे रूप पालटले. वाद दरबारातून बाजारात आला. मुंबईत १८३० च्या दशकात जॉन विल्सन आणि इस्फहानचा हाजी महंमद हाशिम यांच्यात लेखी वाद झाला. मराठी वाङ्मयेतिहासात आपण मोरभट दांडेकर आणि विष्णुबावा ब्रह्मचारी यांचे ख्रिस्ती मिशनऱ्यांशी झालेले वाद शिकवतो. मुसलमानांशी झालेला वाद त्याच काळात, त्याच शहरात चालू होता, हे मात्र सांगायचे राहून जाते.

सर्वांत गाजला तो आग्र्याचा वाद. १० आणि ११ एप्रिल १८५४ रोजी जर्मन मिशनरी कार्ल फांडर आणि मौलाना रहमतुल्लाह कैरानवी समोरासमोर आले. कैरानवींच्या सोबत डॉ. वझीर खान होते. त्यांनी नवीनच शस्त्र आणले : युरोपातील बायबल-अभ्यासकांचीच पुस्तके. प्रतींमध्ये पाठभेद आहेत हे त्यांनी ख्रिस्ती विद्वानांच्या तोंडूनच दाखवून दिले. योहानाच्या पहिल्या पत्रातील त्रैक्याचा उल्लेख (५:७) जुन्या ग्रीक प्रतींत नाही, हे त्यांतले ठळक उदाहरण. काही ठिकाणी असे झाल्याचे फांडरने मान्य केले. पण नकलनविसांच्या चुकांनी मूळ उपदेश बदलत नाही, असे त्याचे म्हणणे होते. श्रोत्यांनी मात्र त्याची कबुली तेवढी ऐकली. १८५७ नंतर कैरानवींना देश सोडावा लागला, आणि १८६४ मध्ये त्यांचा ‘इझहारुल हक’ हा अरबी ग्रंथ प्रसिद्ध झाला. आजच्या बहुतेक लोकप्रिय प्रचारसाहित्यातील मुद्दे याच ग्रंथातून उतरले आहेत.

याच दशकात सर सय्यद अहमद खान यांनी ‘तबयीनुल कलाम’ हे बायबलवरचे भाष्य लिहिले. एका मुसलमानाने सहानुभूतीने लिहिलेल्या या भाष्यात अर्थाच्या विपर्यासाचे जुने मत पुन्हा पुढे आले. कैरानवी आणि सर सय्यद समकालीन. दोघेही श्रद्धावान, दोघेही विद्वान. म्हणूनच ‘इस्लामचे मत’ असा एकवचनी प्रयोग करताना जीभ थोडी अडखळली पाहिजे.

कैरानवींच्या पद्धतीत एक धोका होता. जे शस्त्र दुसऱ्याच्या ग्रंथावर चालवले ते आपल्यावरही उलटू शकते. कुराणाच्या बाजूने पाठांतराची अखंड परंपरा आहे, उस्मान खलिफांच्या काळी निश्चित झालेली संहिता आहे, आणि मान्य झालेल्या निरनिराळ्या ‘किराआत’ म्हणजे पठणभेदांची शास्त्रशुद्ध नोंदही आहे. तरीही साना येथील मशिदीत १९७२ मध्ये सापडलेल्या चर्मपत्रांपैकी एकावर, खरवडून पुसलेल्या थरात, प्रचलित संहितेहून वेगळे पाठ आढळले आहेत. बायबलच्या बाबतीत मृत समुद्राकाठी १९४७ पासून सापडलेल्या गुंडाळ्यांनी दोन्ही गोष्टी दाखवल्या : यशयाचा ग्रंथ हजार वर्षांत आश्चर्यकारकपणे टिकला, आणि इतर काही ग्रंथांचे एकाहून अधिक पाठ एकाच वेळी प्रचारात होते. नव्या कराराच्या चौथ्या शतकातील प्रती आज उपलब्ध आहेत; इस्लामपूर्वीची शुभवर्तमाने आजच्याहून फारशी वेगळी नव्हती, हे त्यांवरून कळते. पण ईसाला एक स्वतंत्र इंजील दिली होती काय, या प्रश्नाला कोणतीही पोथी उत्तर देऊ शकत नाही. पोथी पाठाविषयी बोलते. श्रद्धेचा प्रश्न तिच्या कक्षेबाहेरचा आहे.

६. आपल्या कपाटातील पोथ्या

हे सर्व वर्गात सांगावे की नाही? सांगावे, असे आम्हांला वाटते. मात्र आपल्या ग्रंथांपासून सुरुवात करून. अकबराच्या दरबारात बहुभाषी बायबल पोहोचले त्याच दशकात, शके १५०६ (१५८४) मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मूळ ग्रंथ शुद्ध होता, पाठांतरांमुळे तो अशुद्ध झाला, म्हणून आपण तो शोधून नीट केला, असे ते स्वतः सांगतात. आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये असेही बजावतात. मूळ शुद्ध, परंपरेत अशुद्ध, मग शोधन आणि मग पहारा, ही मांडणी ‘मुहैमिन’ या शब्दाच्या अर्थापासून फार दूर नाही. एकनाथांनी यासाठी कोणावर कारस्थानाचा आरोप मात्र केला नाही. वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये आपल्याला मिळालेली प्रत एकनाथपूर्व आहे असे सांगून ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली. तिच्या प्राचीनतेविषयी अभ्यासकांत वाद झाला. ज्ञानेश्वरी त्यामुळे खोटी ठरली नाही, आणि वारकऱ्यांची भक्तीही उणावली नाही.

राजवाड्यांची कागदपत्रे जपणारे संशोधन मंडळ धुळ्यात आहे. समर्थ संप्रदायाच्या पोथ्यांसाठी शंकर श्रीकृष्ण देव यांनी उभारलेले वाग्देवता मंदिरही धुळ्यातच आहे. याच गावच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबा गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते लिहून घेतले. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ असा एकाच्या मुखातून आणि दुसऱ्याच्या लेखणीतून आला. याच विनोबांनी पुढे कुराणाचे आणि ख्रिस्ती धर्मग्रंथाचे सार संकलित केले, आणि अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ हे पुस्तक लिहिले. बोललेला शब्द कागदावर उतरताना मध्ये माणूस असतो, त्याची निष्ठा असते आणि त्याची मर्यादाही असते, हे आपल्या दोन जिल्ह्यांना नव्याने शिकवण्याची गरज नाही. जळगावच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव दिले आहे त्या बहिणाबाईंना तर लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी मुलाने आणि आप्तांनी टिपली म्हणून आपल्याला मिळाली.

तेव्हा ‘तुमचा ग्रंथ भ्रष्ट आहे’ असे कोणी म्हटले, तर विद्यार्थ्याने रागावण्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत. कोणता शब्द? कोणत्या काळात? कोणत्या प्रतीच्या आधाराने? आणि हेच तीन प्रश्न आपल्या घरच्या ग्रंथाविषयी कोणी विचारले, तर ऐकून घेण्याची तयारी ठेवावी. ज्याला उत्तर देता येत नसेल त्याने खरेही म्हणू नये आणि खोटेही म्हणू नये, हा जुना नियम पाठचिकित्सेलाही मान्य होण्यासारखा आहे. तोवर समोर आलेला ग्रंथ, तो कोणाचाही असो, उशीवर ठेवून वाचावा.